मक्याचं कणीस आतून बोळकं का निघतं? उन्हाळ्यात परसात स्वीट कॉर्न लावणाऱ्यांसाठी

मे महिना लागला की मला ओळखीपाळखीतून एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. बाहेरून कणीस हिरवंगार, चांगलं मनगटाएवढं जाड, आणि सोललं की आत चार दाणे इकडे, सहा तिकडे, मधे सगळी पांढरी रिकामी जागा. अगदी म्हाताऱ्या माणसाच्या बोळक्यासारखं. सोबत प्रश्न ठरलेला, की खत कमी पडलं का, बी खराब होतं का, कुठला स्प्रे मारू.

मी सोलापूरला राहते आणि घरामागे बारा बाय दहा फुटांच्या तुकड्यात बरीच वर्षं मका लावतेय, माझ्याकडेही पहिल्या वर्षी हेच झालं होतं. पाडवा झाल्यावर मोठ्या उत्साहाने बी टोकलं, झाडं डोक्याच्या वर गेली, शेजारचे बघायला यायचे, आणि आईने ओट्यावर पहिलं कणीस सोललं तेव्हा मोजून एकोणीस दाणे निघाले. त्या दिवशी खूप वाईट वाटलं. पुढे कळलं की खत, बी सगळं व्यवस्थित होतं, चुकली होती ती तारीख. ते कसं, हेच आज नीट उलगडून सांगते.

आधी झाडाची रचना समजून घेऊ

मक्याच्या झाडावर नर आणि मादी दोन्ही असतात पण वेगवेगळ्या जागी. शेंड्यावर येतो तो तुरा, तो नर. तुऱ्यातून पिवळी बारीक धूळ पडते ते पराग. मधे पानाच्या बेचक्यातून कणीस निघतं ते मादी, आणि त्याच्या तोंडातून जे मऊ चकचकीत केस बाहेर येतात, जे आपण सोलताना कंटाळून काढून टाकतो, तेच सगळ्यात महत्त्वाचे.

कारण कणसातल्या प्रत्येक दाण्याला स्वतःचा एक वेगळा केस असतो. सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला पाण्याची वेगळी लाइन असते ना, तसं समजा. त्या केसावर एक तरी पराग पडला पाहिजे, मग तो पराग केसाच्या आतून बारीक नळी वाढवत खाली दाण्याच्या जागेपर्यंत पोचतो, साधारण एका दिवसात, आणि मग तिथे दाणा धरतो. याला म्हणायचं परागीभवन. एका चांगल्या कणसात चारशे-पाचशे दाणे असतात, म्हणजे चारशे-पाचशे वेळा हे झालं पाहिजे. ज्या केसावर पराग पडला नाही त्याची जागा रिकामी, आणि ती नंतर कितीही युरिया टाकला तरी भरत नाही.

इथे एक जण हमखास म्हणतो की आमच्याकडे मधमाश्या कमी झाल्यात म्हणून असं होत असेल. मक्यात तसं नाही. मधमाश्या तुऱ्यावर पराग गोळा करायला येतात खऱ्या, पण केसांकडे त्यांचं काही काम नसतं, तिथे मध नाही. मक्याचं सगळं काम वारा करतो. आणि पराग तसा जड असतो, बराचसा आसपासच्या काही मीटरमध्येच खाली पडतो. म्हणूनच कुंपणाच्या कडेने एका ओळीत दहा झाडं लावली की घात होतो, वारा आडवा आला की पराग सगळा शेजाऱ्याच्या अंगणात. तीच झाडं चौकोनात लावायची, चार ओळी, ओळींमध्ये दोन फूट, झाडांत वीत-सव्वा वीत अंतर. बाल्कनीतल्या कुंडीत तीन झाडं लावून कणीस भरेल ही आशा मात्र ठेवू नका, निदान पंधरा-सोळा झाडं एकत्र हवीत.

उन्हाने नेमकं काय बिघडतं

दोन गोष्टी बिघडतात आणि दोन्ही एकदम.

पहिली, पराग मरतो. पराग म्हणजे कोरडी भुकटी नाही, तो पाण्याने भरलेला अतिशय बारीक फुगा आहे, ताज्या परागात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. कोरड्या गरम हवेत तो काही मिनिटांत ते तास-दोन तासांत सुकतो आणि सुकला की संपला. पारा ३५च्या वर गेला की त्रास सुरू होतो, ३८-४० आणि हवा कोरडी असेल तर मग फारच थोडे पराग कामाचे राहतात. झाडाने त्यावर स्वतःच एक उपाय काढलाय, ते पराग सोडतं सकाळी, दव वाळल्यावर साधारण आठ-नऊ ते अकरापर्यंत. पण मे महिन्यात आमच्याकडे सकाळी दहालाच चटके बसतात, तर तो पराग बिचारा काय करणार.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. झाडाला पाण्याचा ताण पडला की तुरा वेळेवर येतो पण केस उशिरा बाहेर पडतात. केसांमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, अख्ख्या झाडात सगळ्यात जास्त, आणि ते लांब होतात तेच पाण्याच्या जोरावर. पाणी नाही तर केस आतच अडकून बसतात. इकडे तुरा आठवडाभर पराग सोडून मोकळा होतो. म्हणजे नवरदेव मांडवात वेळेवर, नवरीची गाडी अजून वाटेत, आणि मुहूर्त टळला. चार-पाच दिवसांनी केस आले तरी हवेत परागच नाही.

घरच्या छोट्या वाफ्यात याचा फटका मोठा बसतो कारण सगळी झाडं एकाच दिवशी पेरलेली, एकाच वेळी तुऱ्यावर आलेली असतात.

कणीस सोलून बघा, ते सगळं सांगतं

फोटो आला की मी आधी विचारते दाणे नेमके कुठे नाहीत. कारण केस एकदम बाहेर येत नाहीत, आधी बुडाकडच्या दाण्यांचे, मग मधल्या, सगळ्यात शेवटी शेंड्याकडच्या दाण्यांचे. त्यामुळे रिकाम्या जागेवरून कुठल्या दिवसांत गडबड झाली ते कळतं.

बूड रिकामं आणि वर दाणे असतील तर पहिले केस आले त्या दिवसांत पराग नव्हता किंवा उन्हाचा तडाखा होता. बूड भरलं, शेंडा रिकामा असेल तर शेवटचे केस उशिरा आले. पण शेंड्याच्या बाबतीत अजून जरा जवळून बघा, तिथे नुसती पांढरी कोरडी टोकं दिसतायत की बारीक चिमलेले, पाणी नसल्यासारखे दाणे दिसतायत? नुसती टोकं असतील तर पराग पोचलाच नाही. चिमलेले दाणे असतील तर पराग पोचला, दाणा धरलासुद्धा, पण नंतर झाडाला पाणी किंवा अन्न कमी पडलं आणि झाडाने शेंड्याकडचे दाणे सोडून दिले. दोन्ही दिसायला सारखंच वाटतं पण उपाय वेगळे.

सगळीकडे विखुरलेले दाणे असतील, ते बोळकं, तर परागच कमी पडला, एकतर झाडं थोडी किंवा ऊन फार किंवा तुऱ्यावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, बसून तुरा चिकट झालेला. एकाच बाजूला रिकामी पट्टी असेल तर त्या बाजूचे केस बाकीच्या केसांच्या जुडग्याखाली दबले होते, तेवढं काही मनावर घेऊ नका.

आणि कणीस न तोडताही एक खूण दिसते. पराग न मिळालेले केस वाढतच राहतात. कणसाला वीतभर लांब, ताजी, पोपटी दाढी आली असेल तर आनंद मानू नका, ते केस अजून वाट बघतायत. परागीभवन झालेले केस एक-दोन दिवसांत वाढायचे थांबतात आणि तपकिरी व्हायला लागतात.

एक टेस्ट मी दरवर्षी करते. केस आल्यानंतर चार-पाच दिवसांनी एक कणीस तोडते, चाकूने वरची सालं बुडापासून वरपर्यंत उभी चिरून एकेक अलगद उलगडते, केसांना हात न लावता. मग बूड हातात धरून कणीस हळू हलवायचं. ज्या दाण्यांना पराग मिळाला त्यांचे केस लगेच गळून खाली पडतात, जिथे मिळाला नाही तिथले चिकटूनच राहतात. पहिल्यांदा केलं तेव्हा पांढऱ्या कणसावरून निम्मे केस ओट्यावर पडले आणि निम्मे शेंड्याला झुपक्यासारखे लटकत राहिले, दाणे अजून ज्वारीच्या दाण्याएवढेही नव्हते पण कुठे भरणार, कुठे नाही ते दिसत होतं. एक कणीस वाया जातं पण बाकीच्यांचं काय होणार ते कळतं आणि अजून हातात दोन-तीन दिवस असतात.

"पण मका तर गरम हवेतलंच पीक ना?"

बरोबर आहे, मका मूळचा मेक्सिकोतला, तिथे साधारण नऊ हजार वर्षांपूर्वी एका जंगली गवतापासून माणसाने तो तयार केला, आणि ज्वारी, बाजरी, ऊस हे सगळे त्याचेच भाऊबंद. झाड म्हणून मका ऊन चांगला सोसतो, म्हणूनच तर एप्रिल-मेमध्ये झाडं जोमाने वाढलेली दिसतात आणि आपण फसतो. झाडाला सोसणारं ऊन परागाला सोसत नाही, एवढाच फरक आहे.

मग कुणी म्हणतं शेतकरी तर उन्हाळी मका घेतातच. घेतात, पण बऱ्याच ठिकाणी तो चाऱ्यासाठी असतो, त्याला दाणे भरले काय, न भरले काय. आणि कणसासाठी घेतात तेव्हा एकर-दोन एकर हिरवं रान असतं, पाणी दिलेलं, पानांतून वाफ निघून आतली हवा दमट आणि जरा गार राहते, शिवाय हजारो झाडांचा पराग थोडा मागेपुढे पडत राहतो. आपला वाफा सिमेंटचं कंपाऊंड आणि तापलेल्या फरशीच्या मधे असतो, भिंत रात्री नऊपर्यंत गरम असते. हवामान खात्याच्या आकड्यात ४० आणि आपल्या भिंतीपाशी त्याहून जास्त. माझं पहिल्या वर्षीचं रान पश्चिमेच्या भिंतीला लागून होतं, आता तिथे मी फक्त गवार लावते.

तारीख मागून मोजायची

स्वीट कॉर्न पेरल्यापासून साधारण पन्नास-साठ दिवसांत तुऱ्यावर येतं, थंडीत जरा जास्त दिवस घेतं, आणि केस आल्यावर अठरा ते बावीस दिवसांत कणीस तोडायला तयार होतं. म्हणजे तुऱ्याचा आठवडा कधी येणार ते आपल्या हातात आहे. पाडव्यानंतर पेरलं की तुरा बरोब्बर मेच्या आगीत. संक्रांतीला पेरलं तर तुरा मार्चच्या मध्यावर, दुपारी ३६-३७ असतं पण सकाळ अजून सुसह्य असते, आणि कणसं पाडव्याच्या आसपास हातात. त्यामुळे सोलापूर, लातूर, बीड, नगर, जळगाव, नागपूर अशा कोरड्या उन्हाच्या गावांसाठी माझा एकच हिशोब, संक्रांतीच्या पुढे पेरणी ढकलायची नाही. दसरा ते दिवाळी पेरलं तर त्याहून सोपं जातं.

आणि सगळं बी एका दिवशी टोकू नका. अर्धं आज, अर्धं सहा-सात दिवसांनी, ओळीआड ओळ. म्हणजे पहिल्या लॉटच्या उशिरा आलेल्या केसांना दुसऱ्या लॉटचा ताजा पराग मिळतो. या एका गोष्टीने माझ्याकडे शेंडे भरायला लागले, कुठल्या औषधाने नाही.

पाणी किती, बादलीच्या हिशोबात

उन्हाळ्यात जोमात आलेल्या मक्याला दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी लागतं. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर म्हणजे बरोब्बर एक लिटर. चाळीस झाडांचा वाफा साधारण पाच चौरस मीटर होतो, म्हणजे रोजचं पस्तीस-चाळीस लिटर, दोन मोठ्या बादल्या भरून. पाइपने दोन मिनिटं वरवर शिंपडलं की माती काळी दिसते आणि समाधान होतं, पण बोट घालून बघा, दोन पेरांच्या खाली कोरडं असतं. त्यापेक्षा एक दिवसाआड डबल पाणी सावकाश मुरू द्या. वर उसाचं पाचट किंवा पालापाचोळा चार बोटं जाड अंथरा, आमच्या काळ्या मातीला भेगा पडून मुळं तुटतात ते यामुळे थांबतं.

पाणी टंचाईचं मलाही कळतं, आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. म्हणून सांगते, पाणी कमी असेल तर सगळ्या तीन महिन्यांत थोडं थोडं वाटू नका. तुरा दिसायच्या आधीचे दोन आठवडे आणि केस आल्यानंतरचे दोन आठवडे, हे चार आठवडे काहीही झालं तरी सांभाळा. भाज्या धुतलेलं पाणी, आरओचं वाया जाणारं पाणी साठवून ठेवलं तरी चालेल, फक्त आरओचं पाणी खारट लागत असेल तर साध्या पाण्यात मिसळून द्या.

झाडाला पाणी हवंय का ते पान सांगतं. दुपारी दोनला पानं सुरळी झाली तर घाबरू नका, ते ऊन चुकवायची त्याची पद्धत आहे. सकाळी सातला सुरळी दिसली तर मात्र ताण पडलाय, लगेच पाणी द्या. आणि गारवा म्हणून सकाळी तुऱ्यावर फवारे मारू नका, ओला तुरा पराग सोडत नाही. मारायचेच तर संध्याकाळी.

हाताने पराग टाकता येतो का?

येतो, आणि दहा मिनिटांचं काम आहे. सकाळी दव वाळलं की, माझ्याकडे मार्चमध्ये साडेसात-आठला, एक कागदी पिशवी तुऱ्यावर अलगद वाकवायची आणि तुरा टिचकीने झटकायचा. आत पिवळी धूळ जमते, हळदीपेक्षा फिकी, सोबत तुऱ्याची बारीक टरफलं. ती धूळ लगेच, उन्हात न ठेवता, चिमटीने किंवा मऊ ब्रशने केसांवर सोडायची. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो आणि परागाचे गोळे होतात. एकदा करून भागत नाही कारण केस रोज नवे येतात, सलग चार-पाच सकाळी करायचं. मागे म्हटलेली दाढी वाढलेली दिसली तर हाच उपाय, केस फार लांब झाले असतील तर कात्रीने दोन बोटं ठेवून कापले तरी चालतं, केसाच्या उरलेल्या भागावरही पराग धरतो.

मग खत आणि अळीचं काय

खताला महत्त्व नाही असं नाही, मका खादाड पीक आहे. लावताना चांगलं कुजलेलं शेणखत, झाड गुडघ्याएवढं झालं की एकदा नत्र आणि तुऱ्याच्या आधी एकदा. खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेवर उलट्या व्ही सारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. कोवळ्या पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढरट पट्टे दिसले तर जस्त कमी आहे, आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत हे नेहमी होतं, झिंक सल्फेटने सुधारतं. पण हे सगळं तुऱ्याच्या आधी. बोळकं कणीस बघून टाकलेलं खत वाया जातं.

अळी मात्र खरी डोकेदुखी आहे. २०१८च्या मे महिन्यात कर्नाटकात पहिल्यांदा सापडलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच वर्षी आपल्याकडे आली आणि आता घरच्या चार झाडांनाही सोडत नाही. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असले की तीच समजा. पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली की लगेच पोंगा उघडून अळी हाताने काढा. पानावर कापसासारखी लव असलेले अंड्यांचे पुंजके दिसले तर ते चुरडून टाका. पाच टक्के निंबोळी अर्क पोंग्यात सोडा. घरच्या वाफ्यात रोज सकाळी एक फेरी मारली तर जहाल औषधाची गरज पडत नाही, आणि कणीस आपली मुलंच खाणार आहेत हे लक्षात ठेवा.

दाणे भरले पण गोडच लागत नाहीत

याची दोन कारणं. एक म्हणजे शेजारी साधा मका एकाच वेळी तुऱ्यावर असेल तर त्याचा पराग आपल्या केसांवर पडतो आणि त्याच कणसातला दाणा पिठूळ होतो, पुढच्या पिढीची वाटही बघायला लागत नाही. जवळ शेत असेल तर पेरणीत दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. दुसरं म्हणजे तोडायला उशीर. दाण्यात नख रोवल्यावर पांढरं दूध उडलं पाहिजे. पाण्यासारखं निघालं तर दोन दिवस थांबा, पिठासारखं घट्ट निघालं तर उशीर झाला. उन्हाळ्यात हा टप्पा तीन-चार दिवसांत निघून जातो, म्हणून केस आल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोडल्यावरही साखरेचं पीठ होत राहतं आणि गरम स्वयंपाकघरात ते झपाट्याने होतं, तेव्हा सकाळी तोडा आणि लगेच उकडा, नाहीतर फ्रीजमध्ये टाका.

आणि पेरायला उशीर झालाच असेल तर

आत्ता मे चालू आहे, झाडं छातीएवढी आहेत, तुरा डोकावतोय, तर उपटू नका. बेबी कॉर्न घ्या. त्याला परागीभवन लागतच नाही, उलट झालेलं नको असतं, त्यामुळे ऊन किती का असेना. केस दोन बोटं बाहेर आले की एक-दोन दिवसांत कणीस तोडायचं, बोटाएवढं असतं. एक तोडलं की बरेचदा खालच्या बेचक्यातून दुसरं येतं. आई त्याची गाजर-मटार घालून रस्सा भाजी करते, आणि राहिलेली हिरवी ताटं मी समोरच्या गल्लीतल्या गोठ्यात नेऊन देते, तिथली म्हैस पाचटासकट संपवते.